मतदाराला पक्ष बदलायचा असेल तर

2016 च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्क राज्यात रिपब्लिकन पक्षाची प्रायमरी झाली. डोनाल्ड ट्रम्प ती मोठ्या फरकाने जिंकले; पण त्यांची मुलगी इवांका आणि मुलगा एरिक यांना वडिलांना मत देता आलं नाही. दोघंही नोंदणीकृत मतदार होते, फक्त ती नोंद रिपब्लिकन म्हणून नव्हती. पक्ष बदलण्याची मुदत 9 ऑक्टोबर 2015 लाच, मतदानाच्या सहा महिने आधी, संपून गेली होती. डेमोक्रॅटिक उमेदवारांची पहिली जाहीर वादचर्चा त्यानंतर चार दिवसांनी लास व्हेगासला झाली. ती ऐकून ज्यांना बर्नी सँडर्स आवडू लागले, पण ज्यांची नोंद कुठल्याच पक्षात नव्हती, अशा न्यूयॉर्ककरांना उशीर आधीच झालेला होता.

आपल्याकडे तिकीट कोणाला द्यायचं ते पक्षश्रेष्ठी ठरवतात. अमेरिकेत ते प्रायमरीत सामान्य मतदार ठरवतो. त्यासाठी त्याला पक्षाची वर्गणी भरावी लागत नाही की पावती फाडावी लागत नाही. न्यूयॉर्कमध्ये मतदार नोंदणीच्या अर्जावरच पक्षांच्या नावांचा रकाना असतो आणि शेवटी ‘कोणताही पक्ष नको’ असाही पर्याय असतो. अठराव्या वर्षी घाईघाईने अर्ज भरणारे पुष्कळजण तिथे खूण करून मोकळे होतात. नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत त्याने काही अडत नाही, मत कोणालाही देता येतं. जूनच्या प्रायमरीत मात्र केंद्रावरचा कर्मचारी टॅबलेटवर नाव शोधतो, नाव सापडतं, आणि त्यापुढे पक्ष नसतो. मतदाराने आग्रह धरला तर त्याची मतपत्रिका प्रतिज्ञापत्राच्या लिफाफ्यात घेतात, पण नोंदीत पक्ष नसेल तर ते मत मोजलं जात नाही.

यात एवढं काय बिघडलं, असं वाटेल. पण अमेरिकेतल्या असंख्य मतदारसंघांत खरी लढत प्रायमरीतच होते. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार 2022 मध्ये मिशिगन राज्यातल्या डेट्रॉइटमधून काँग्रेसवर निवडून गेले. नोव्हेंबरची लढत त्यांना सोपी गेली, कारण तो डेमोक्रॅटांचा बालेकिल्ला. कस लागला तो ऑगस्टच्या प्रायमरीत. नऊ उमेदवारांच्या गर्दीत सुमारे 28 टक्के मतं मिळवून ते पुढे आले आणि तिथेच निकाल लागला. अशा ठिकाणी प्रायमरीला मुकलेल्या मतदाराच्या हाती फारसं काही उरत नाही. मिशिगनमध्ये निदान पक्षनोंदणीच नाही: ऑगस्टच्या मतपत्रिकेवर दोन्ही पक्षांचे रकाने असतात, मतदार कोणताही एक निवडतो. न्यूयॉर्कमध्ये ती मोकळीक नाही. म्हणून तिथे एखाद्याने पक्ष बदलला तर त्याचे विचार बदलले असं समजण्याचं कारण नाही. जिथे निर्णय होतो तिथे त्याला हजर राहायचं असतं, इतकंच.

एवढी लांबलचक मुदत ठेवण्यामागे एक भीती होती. विरोधी पक्षाचे लोक ऐनवेळी घुसून कमकुवत उमेदवार निवडून देतील, ही. 1972 च्या प्रायमरीत प्रथमच मत देऊ इच्छिणारे काही न्यूयॉर्ककर या नियमाविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांनी आधी नोंदणीच केली नव्हती, म्हणजे पक्ष सोडण्याचाही प्रश्न नव्हता. तरीही 1973 मध्ये न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी राज्याचा नियम उचलून धरला. मला ते चार न्यायाधीश बरोबर वाटतात. घुसखोरी करणाऱ्याला राजकारण कळतं, तो तारीख लक्षात ठेवून अर्ज भरतो. दंड बसतो तो नवख्याला, ज्याला निवडणुकीत रस प्रचार रंगल्यावरच वाटू लागतो.

2016 च्या गदारोळानंतर, 2019 मध्ये, न्यूयॉर्कने कायदा बदलून मुदत 14 फेब्रुवारीवर आणली. सुधारणा झाली, पण अपुरी. न्यूयॉर्क शहराच्या महापौरपदासाठी 2025 मध्ये झालेल्या डेमोक्रॅटिक प्रायमरीतले बडे उमेदवार अँड्र्यू कुओमो यांनी उमेदवारी जाहीर केली 1 मार्चला. फेब्रुवारीत झोहरान ममदानींचं नावही फार थोड्यांना ठाऊक होतं. 24 जूनला ममदानी जिंकले, तेव्हा शहरातले पक्ष न नोंदवलेले दहा लाखांहून अधिक मतदार बाहेरून बघत होते. गंमत म्हणून नव्हे, गांभीर्याने विचारायला हवं: उमेदवार ठरण्याआधी मतदाराने पक्ष कशाच्या जोरावर ठरवायचा? शेजारच्या पेन्सिल्वेनियातही प्रायमरी बंदिस्तच, म्हणजे त्या पक्षात नोंद असलेल्यांपुरतीच, आहे, पण तिथे मतदानाच्या पंधरा दिवस आधीपर्यंत पक्ष बदलता येतो. त्याने तिथले पक्ष बुडालेले नाहीत.

एडिसन किंवा आसपास राहणाऱ्या, नुकतंच नागरिकत्व मिळालेल्या मराठी माणसासाठी न्यू जर्सीचा नियम सांगून ठेवतो. नोंदणीत पक्ष नसेल तर प्रायमरीच्या दिवशी केंद्रावरच पक्ष सांगून मत देता येतं. पण त्या क्षणापासून तुमची नोंद त्या पक्षात होते. पुढच्या वेळी दुसऱ्या पक्षाच्या प्रायमरीत मत द्यायचं असेल तर 55 दिवस आधी अर्ज द्यावा लागतो.