दर्यात दिसणारा दिव्यांचा वाडा : 'एम्प्रेस' जहाजाची गोष्ट



हंगाम सुरू झाला की जेटीवर एक प्रश्न हमखास येतो. रात्री कांडाळ मारून बसलेली पोरं पहाटे येतात, टोपल्या उतरवतात आणि विचारतात, "रात्री ते दिव्यांनी भरलेलं जहाज गेलं, ते कुठलं हो? आत काय काय असतं?" परदेशी पाहुणी जहाजंही आपल्या मुरगाव बंदरात येतात. पण मुंबई-गोवा फेरीमुळे सगळ्यांच्या ओळखीचं झालेलं जहाज म्हणजे 'एम्प्रेस', कॉर्डेलिया क्रूझेसचं. म्हणून आज तिच्याविषयी लिहितो.

लिहायला आणखी एक कारण आहे. बंदी तोंडावर आली आहे. गेल्या पंधरा दिवसांत दोन-तीन बोटमालकांनी संस्थेत येऊन विचारलं, "खर्च फार वाढलाय. या वर्षी बोट वर ओढली नाही, तळाचं काम पुढच्या वर्षी केलं, तर नाही का चालणार?" त्या प्रश्नाचं उत्तर आम्हांला या जहाजाच्या गोष्टीत सापडलं. ते शेवटी सांगतो.

जन्म फ्रान्सचा, नाव वेगळंच

हे जहाज फ्रान्समधल्या सेंट नाझेर गावच्या गोदीत बांधलं गेलं. 1989 मध्ये ते पाण्यात उतरलं आणि 1990 मध्ये कामाला लागलं. म्हणजे आपल्यातल्या कितीतरी तांडेलांपेक्षा ते वयाने मोठं आहे.

आधी ते अ‍ॅडमिरल क्रूझेस नावाच्या कंपनीसाठी मागवलं होतं आणि नाव ठरलं होतं 'फ्यूचर सीज'. बांधकाम चालू असतानाच ती कंपनी रॉयल कॅरिबियनमध्ये विलीन झाली. मग जहाज पाण्यात आलं ते 'नॉर्डिक एम्प्रेस' या नावाने. जून 1990 मध्ये अमेरिकेतल्या मायामी बंदरात नामकरण झालं, ते गायिका ग्लोरिया एस्टेफान यांच्या हस्ते. या बाईंचा जन्म क्युबा देशातल्या हवानाचा. हे लक्षात ठेवा, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

तेव्हा क्रूझ म्हटलं की आठवड्याची सफर, असाच हिशेब होता. हे जहाज मात्र तीन-चार रात्रींच्या छोट्या सफरींसाठी मुद्दाम आखलेलं. मायामीहून निघायचं, बहामा बेटांवर जायचं, परत यायचं. आज मुंबई-गोवा-मुंबई फेरीला ते नेमकं बसतं, त्याचं कारण हेच. मूळ आखणीच लहान पल्ल्याची आहे.

चार मालक, चार नावं

2004 मध्ये जहाजाची मोठी डागडुजी झाली आणि नाव झालं 'एम्प्रेस ऑफ द सीज'. 2008 मध्ये ते पुलमंतूर या स्पॅनिश कंपनीकडे गेलं आणि नुसतं 'एम्प्रेस' झालं. 2016 मध्ये रॉयल कॅरिबियनने ते परत घेतलं आणि जुनं नावही परत लावलं.

इथे एक गंमत झाली, बोटमालकांनी नीट वाचावी. परत घेतल्यावर फेऱ्यांच्या तारखा जाहीर झाल्या, तिकिटंही विकली गेली. पण जहाज दुरुस्तीला घेतल्यावर कळलं की स्वयंपाकघर आणि सामानाच्या कोठारांचं काम वाटलं त्यापेक्षा फार मोठं आहे. झालं, आधीच्या कितीतरी फेऱ्या रद्द कराव्या लागल्या. मार्चअखेर निघणारं जहाज मे महिन्याच्या अखेरीस निघालं. इंजिन नाही, सुकाणू नाही, स्वयंपाकघरामुळे जहाज अडलं! आपणही बोट खाली सोडायच्या आदल्या दिवशी बर्फाची खण उघडून बघतो आणि कपाळाला हात लावतो, तसंच हे.

एप्रिल 2017 मध्ये हेच जहाज मायामीहून हवानाला गेलं. रॉयल कॅरिबियनचं क्युबाला गेलेलं हे पहिलं जहाज. हवाना बंदराचं तोंड अरुंद, म्हणून आजची अजस्र जहाजं तिथे नेणं अवघड. हे मध्यम आकाराचं, त्यामुळे काम त्यालाच मिळालं. हवानात जन्मलेल्या बाईने नामकरण केलेलं जहाज सत्तावीस वर्षांनी हवानात पोचलं. जून 2019 मध्ये अमेरिकेने क्युबाच्या क्रूझवर बंदी घातली आणि ते काम थांबलं.

मग आला करोना. 2020 मध्ये जगभरची क्रूझ जहाजं नांगरून पडली. त्याच वर्षी पुलमंतूर कंपनी अडचणीत आली आणि तिची 'सॉव्हरिन' आणि 'मोनार्क' ही दोन जहाजं तुर्कस्तानात भंगारात गेली. ही दोन्ही जहाजं सेंट नाझेरच्याच गोदीतली, साधारण त्याच काळातली. आपल्या मुंबई-गोवा मार्गावर 2019 मध्ये आलेलं 'कर्णिका' आठवतं? तेही 1990 चंच. ते गुजरातमध्ये अलंगच्या किनाऱ्यावर तोडायला गेलं. 'एम्प्रेस' विकायचं डिसेंबर 2020 मध्ये जाहीर झालं, पण तिला भंगारवाला नाही, नवा मालक मिळाला. सप्टेंबर 2021 मध्ये कॉर्डेलियाने मुंबईहून तिच्या फेऱ्या सुरू केल्या. गोवा, लक्षद्वीप, कोची ही बंदरं तिने केली. 2023 मध्ये चेन्नईहून श्रीलंकेची फेरीही सुरू झाली.

किती मोठं आणि आत काय

लांबी सुमारे 211 मीटर. फुटबॉलची दोन मैदानं टोकाला टोक लावून ठेवा, तेवढी. रुंदी 30 मीटरच्या वर. पाण्याखाली सुमारे 7 मीटर, म्हणजे जवळजवळ चार वाव. वेग ताशी 19 नॉटच्या आसपास.

टनेज 48,563. आपल्या रजिस्ट्रेशनच्या कागदावरही टनेज असतं, आणि पुष्कळ जणांना ते वजन वाटतं. ते वजन नव्हे. ग्रॉस टनेज म्हणजे आतल्या बंदिस्त जागेचं माप. जगातलं आजचं अजस्र जहाज 'आयकॉन ऑफ द सीज' यापेक्षा पाचपट आहे. म्हणून आपल्याला डोंगराएवढी वाटणारी 'एम्प्रेस' त्यांच्या जगात मध्यम जहाज.

आत सुमारे 800 खोल्या. एका खोलीत दोघे धरले तर सुमारे 1,600 प्रवासी, जास्तीचे पलंग धरून 1,800 च्या पुढे. कर्मचारी साडेसहाशेच्या वर. एक मोठं गाव पाण्यावर चालतंय असं समजा. मधोमध अनेक मजले उंच मोकळा चौक, तिथे लिफ्ट आणि जिने. वरच्या डेकवर पोहण्याचा तलाव आणि चढाईची कृत्रिम भिंत. शिवाय नाट्यगृह, व्यायामशाळा, मुलांची खेळण्याची जागा, कॅसिनो. जेवणाच्या जागा अनेक. भारतात आल्यावर शाकाहारी आणि जैन जेवणाचीही सोय झाली.

सगळ्या खोल्यांना खिडकी नसते. पोटातल्या खोल्या स्वस्त, समुद्र दिसणाऱ्या महाग, गच्चीवाल्या आणखी महाग. आपल्याला फुकट दिसणारा दर्या तिथे पैसे मोजून बघावा लागतो!

न दिसणारी बाजू

आपल्या घराघरांत कोणी ना कोणी तारवटी असतो. त्यांना विचारा, ते सांगतील. चहा आणून देणारा वेटर असो की खोली झाडणारा मुलगा, प्रत्येकाला बुडत्या जहाजावरचं काम आधी शिकावं लागतं. आग विझवणं, प्रथमोपचार, पाण्यात जीव वाचवणं, हे प्रशिक्षण घेतल्याशिवाय जहाजावर नोकरी नाही. धोक्याचा इशारा ठरलेला आहे, सात छोटे भोंगे आणि एक लांब. तो ऐकला की कोणी कुठे उभं राहायचं हे प्रत्येकाला पाठ असतं. 2012 मध्ये इटलीच्या किनाऱ्यावर 'कोस्टा कॉनकॉर्डिया' आडवं झाल्यावर नियम आणखी कडक झाले. आता नवे प्रवासी चढले की जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणीच त्यांचा सराव घ्यावा लागतो.

दुसरी गोष्ट तळाची. प्रवासी जहाजाच्या तळाची तपासणी दरवर्षी करावी लागते आणि पाच वर्षांत निदान दोनदा जहाज कोरड्या गोदीत घ्यावं लागतं. तिकिटं विकली गेली, हंगाम तेजीत आहे, अशी सबब चालत नाही. सर्टिफिकेट नाही तर प्रवासी नाही.

तिसरी गोष्ट कचऱ्याची. प्लॅस्टिक समुद्रात टाकायला जगातल्या कुठल्याही जहाजाला बंदी आहे. हाच नियम फाटकी जाळी दर्यात सोडून देणाऱ्यालाही लागू आहे. मोठ्या जहाजांना नावं ठेवताना हे आपणही विसरू नये.

त्यांच्या खिडकीतून आपण कसे दिसतो

हा भाग आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा.

मागच्या हंगामात आपल्या एका सभासदाची बोट रात्री एका मोठ्या मालवाहू जहाजापासून थोडक्यात वाचली. क्रूझ नव्हे, मालवाहू. जाळं गेलं, माणसं वाचली. नंतर बोलताना कळलं की बोटीवर एलईडीचा झगमगाट होता, पण लाल दिवा आठवडाभर बंद होता. "एवढा उजेड होता, त्यांना दिसायला नको?" असं खलाशी म्हणाले.

दिसतं, पण काय आहे ते कळत नाही. नियमाने ट्रॉलिंग करणाऱ्या बोटीने वर हिरवा आणि खाली पांढरा दिवा लावायचा. कांडाळ किंवा इतर जाळं मारलेल्या बोटीने वर लाल, खाली पांढरा. जाळं 150 मीटरपेक्षा जास्त पसरलं असेल, तर जाळ्याच्या बाजूला आणखी एक पांढरा दिवा. हे दिवे दिसले की मोठ्या जहाजावरच्या माणसाला कळतं की ही बोट मासेमारीत आहे, तिला टाळायचं आहे. भर दर्यात टाळण्याची जबाबदारी त्याची. पण बंदराच्या अरुंद मार्गात उलट. तिथे मासेमारीच्या बोटीने मोठ्या जहाजाची वाट अडवायची नाही.

आता हिशेब करा. 19 नॉटने येणारं जहाज मिनिटाला सुमारे 600 मीटर कापतं. पाच सागरी मैलांवर दिसलं, तर जेमतेम पंधरा मिनिटांत डोक्यावर. चहा होईपर्यंत पोचेल. आणि एवढं मोठं धूड ब्रेक दाबल्यासारखं थांबत नाही. लाकडी आणि फायबरच्या बोटी रडारवर नीट उमटतही नाहीत. म्हणून मासेमारीचे दिवे चालू हवेत, झगमगाट त्यांच्या आड येता कामा नये, रडार रिफ्लेक्टर उंचावर बांधलेला हवा, आणि व्हीएचएफ चॅनेल 16 वर कान हवा. ज्यांच्याकडे एआयएस आहे त्यांनी तो बंद ठेवू नये. आणि सगळे झोपलेत, पहाऱ्याला कोणी नाही, असं तर कधीच नको. अडचणीत तटरक्षक दलाचा नंबर 1554 प्रत्येक खलाशाला पाठ असू द्या.

मग बोट ओढायची की नाही?

त्या बोटमालकांच्या प्रश्नाचं उत्तर असं. एकाच काळात बांधलेली ही जहाजं. काही भंगारात गेली आणि एक पस्तिशीला येऊनही चालतंय. नशीब आहेच, योग्य वेळी योग्य मालक मिळाला. पण नवा मालक येतो तो जहाजाचे दिवे बघून येत नाही. तो तळ बघतो, इंजिन बघतो, सर्टिफिकेट बघतो. 2016 मध्ये फेऱ्या रद्द करून केलेलं काम वाया गेलं नाही.

आपल्याला 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस कायद्यानेच मिळतात. बोट वर ओढा. शिंपले खरवडा, फळ्या तपासा, पंखा आणि शाफ्ट बघा, तळाला रंग द्या. दिव्यांच्या वायरी बदला, लाइफ जॅकेटं उन्हात घालून शिवण तपासा. पैशांची खरोखरच अडचण असेल, तर लाजू नका, संस्थेत या. हप्त्यांवर सामान देण्याचा विषय आम्ही येत्या बैठकीत ठेवतो आहोत. बंदी लागण्याआधी नाव नोंदवलंत, तर किती जणांना किती लागेल याचा अंदाज येईल.

पुढच्या हंगामात रात्री ते दिव्यांचं जहाज पुन्हा दिसेल. पोरांनी फोनवर व्हिडिओ जरूर काढावा. पण त्याआधी एकदा वर मान करून आपल्याच डोलकाठीकडे बघावं. लाल दिवा लागलाय ना?

आपले,
सचिव आणि कार्यकारी मंडळ