जंगलातला वैद्य आणि घरातले मांजर

सुमात्रातील गुनुंग लेउसर राष्ट्रीय उद्यानात राकुस नावाचा ओरांगउटान राहतो. जून २०२२ मध्ये त्याच्या उजव्या डोळ्याखाली मोठी जखम दिसली; बहुधा दुसऱ्या नराशी झालेल्या मारामारीतली. तीन दिवसांनी त्याने एका वेलीची पाने तोडून चावली, पण गिळली नाहीत. सुमारे सात मिनिटे तो त्यांचा रस बोटांनी जखमेवर लावत राहिला. मग चावलेल्या पाल्याने जखम झाकून टाकली. अंगाच्या दुसऱ्या कोणत्याही भागाला त्याने रस लावला नाही. पाच दिवसांत जखम मिटली, महिन्याभरात व्रणही जेमतेम दिसू लागला. मे २०२४ मध्ये हे निरीक्षण ‘सायंटिफिक रिपोर्ट्‌स’मध्ये प्रसिद्ध झाले आणि जगभर गाजले.

ती वेल म्हणजे फायब्रॉरिया टिंक्टोरिया. तिकडे तिला आकार कुनिंग म्हणतात. ती आपल्या गुळवेलीच्याच कुळातली. दारूहळदीतल्या बर्बेरिनच्या जातकुळीची द्रव्ये तिच्यात असतात. तापावर, हिवतापावर तिथली माणसेही ती वापरतात. विशेष म्हणजे ओरांगउटान एरवी ही वेल क्वचितच खातात.

अर्थात हा एकाच प्राण्याचा, एकाच जखमेचा अनुभव. पाला लावला नसता तर जखम भरलीच नसती, असे म्हणता येत नाही. आफ्रिकेत मात्र पुरावा जास्त भक्कम आहे. टांझानियातील महाले डोंगरात १९८७ साली मायकेल हफमन आणि मोहमदी सैफू यांनी एका आजारी चिंपांझी मादीला कडूजहर झुडपाच्या कोवळ्या फांद्या सोलून आतला गर चोखताना पाहिले. दुसऱ्या दिवशी तिची तब्येत सुधारलेली होती. खरखरीत पाने न चावता, घडी घालून गिळणारे चिंपांझीही आढळले. त्या पानांसोबत आतड्यातले जंत बाहेर पडतात.

प्राण्यांना हे कळते कसे? ‘उपजत बुद्धी’ हे उत्तर सोपे आहे, पण अपुरे. अमेरिकेतील यूटा राज्य विद्यापीठात मेंढ्यांच्या कोकरांवर झालेला प्रयोग इथे उपयोगी पडतो. कोकरांना त्रास होईल असे तीन प्रकारचे खाद्य दिले: जास्त धान्य, टॅनिनयुक्त खाद्य आणि ऑक्सॅलिक आम्ल असलेले खाद्य. प्रत्येक त्रासावरचा उतारा वेगळा होता आणि तो खाल्ल्यावर बरे वाटते, हा अनुभव त्यांना मिळू दिला. पुढे तिन्ही उतारे एकदम समोर ठेवले, तेव्हा या कोकरांनी त्या-त्या त्रासावरचा योग्य उतारा जास्त खाल्ला. ज्यांना ते पदार्थ मिळाले होते, पण त्यांचा बरे वाटण्याशी संबंध जुळला नव्हता, त्या कोकरांना अशी निवड जमली नाही. म्हणजे निवड अनुभवातून येते. आणि ती चुकतेही: चारा टंचाईत गुरे घाणेरीचा पाला खातात आणि त्यांचे यकृत बिघडते.

म्हणूनच पाळीव प्राण्यांसमोर सुगंधी तेलांच्या बाटल्या मांडायच्या आणि ‘त्याला हवे ते तो निवडेल’ म्हणायचे, ही सध्याची टूम काळजीत टाकणारी आहे. फ्लॅटमध्ये वाढलेल्या मांजराला वनस्पतींचा अनुभव तो किती! त्याने बाटली हुंगली, तर ते कुतूहल असू शकते. त्यात मांजराच्या यकृताला काही द्रव्यांचा निचरा नीट करता येत नाही. टी-ट्री तेल अंगाला चोळल्याने किंवा चाटल्याने मांजरे-कुत्री लडखडतात, थरथरतात. कांदा-लसूण दोघांच्याही तांबड्या रक्तपेशी फोडतात.

कुत्र्याने अधूनमधून गवत खाल्ले, तर घाबरायचे कारण नाही. गवत खाणारी बहुतेक कुत्री त्याआधी आजारी नसतात, असे पाहणीत दिसले आहे. त्या गवतावर फवारणी झालेली नाही ना, एवढे पाहावे. मात्र वारंवार उलट्या, खाणे बंद, सुस्ती, पिवळ्या हिरड्या दिसल्या, तर घरचा पाला न शोधता थेट पशुवैद्यकाकडे न्यावे. कोणतेही तेल किंवा काढा दिला असेल, तर तो न लपवता सांगावा; शक्य असेल तर बाटलीच सोबत न्यावी.