बॉरो की लेंड? सहीआधी ओळखा



शेजारणीकडून वाटीभर साखर आणली की आपण म्हणतो, उसनी घेतली. तिला दिली की उसनी दिली. 'उसनी' हा शब्द दोन्हीकडे तोच. इंग्रजीत मात्र क्रियापदंच दोन. उसनं घेणं म्हणजे 'बॉरो', उसनं देणं म्हणजे 'लेंड'. आपल्याकडे येतं ते बॉरो, आपल्याकडून जातं ते लेंड.

कर्जाच्या कागदावर हेच शब्द असतात. 'बॉरोअर' म्हणजे कर्ज घेणारा, 'लेंडर' म्हणजे देणारा. गट सभासदाला अंतर्गत कर्ज देतो तेव्हा गट लेंडर. तोच गट बँकेकडून कर्ज घेतो तेव्हा बॉरोअर.

आमच्या एका ताईंना जावेच्या कर्जावर सही करायची होती. "नुसती साक्षीदाराची सही," असं त्यांना सांगितलेलं. आम्ही कागद पाहिला, तर सहीच्या जागेखाली 'को-बॉरोअर' छापलेलं! म्हणजे सहकर्जदार. जावेचे हप्ते थकले तर सगळी वसुली ताईंकडूनही होऊ शकली असती. ताईंनी पेन खाली ठेवलं.

'गॅरंटर' म्हणजे जामीनदार. कर्ज फेडायची जबाबदारी त्याच्यावरही येते. साक्षीदाराला इंग्रजीत 'विटनेस' म्हणतात.

तेव्हा मैत्रिणींनो, सही करण्याआधी नावाखालचा शब्द वाचा, नाहीतर वाचून घ्या. "या कागदावर मी कोण?" एवढं विचाराच. मराठीत समजावून सांगा म्हणायला लाजू नका. पैसे फेडायचे तर आपल्यालाच आहेत ना!