नाव चोरीला गेलं तर कायदा काय करतो? आणि विधानसभेच्या हातात किती?

मोबाईल चोरीला गेला तर पोलीस ठाण्यात काय सांगायचं हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण नाव चोरीला गेलं तर? तुमचा फोटो, तुमचं नाव, तुमच्या गावाचं नाव लावून कुणीतरी खातं उघडलं आणि त्यावरून एखाद्या महापुरुषाबद्दल घाणेरडा मजकूर टाकला, तर गावात कुणाच्या घरावर दगड येणार, हे वेगळं सांगायला नको. २०१४ च्या जूनमध्ये पुण्यात हडपसरला सोशल मीडियावरच्या आक्षेपार्ह चित्रांवरून वातावरण तापलं आणि त्या चित्रांशी काडीचाही संबंध नसलेल्या एका मुस्लिम तरुणाचा जीव गेला. सप्टेंबर २०२३ मध्ये सातारा जिल्ह्यातल्या पुसेसावळीत अशाच पोस्टवरून मशिदीवर हल्ला झाला, तिथंही एक तरुण गेला. अशा प्रत्येक वेळी पहिला प्रश्न असायला हवा तो ‘पोस्ट कुणाच्या नावाने आहे’ हा नाही, ‘पोस्ट टाकली कुणी’ हा. प्रत्यक्षात जमाव पहिल्या प्रश्नावरच थांबतो. पुष्कळदा पोलीसही.

म्हणून फौजदारी कायद्यात बदल करण्याची, ओळखचोरीला कडक शिक्षा करण्याची चर्चा निघते तेव्हा आपल्या समाजाने ती बँकेच्या फसवणुकीपुरती समजू नये. ओटीपी देऊन पैसे जाणं वाईट आहेच. पण आपल्याकडे ओळखचोरीत पैशापेक्षा मोठं काही पणाला लागतं.

आधी आजचा कायदा पाहू. भारतात ‘ओळखचोरी’ असा शब्द वापरणारं कलम एकच, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-सी. २००८ च्या दुरुस्तीने ते आलं आणि २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झालं. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही, पासवर्ड किंवा त्याची ‘एकमेव ओळख पटवणारी खूण’ लबाडीने वापरली तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. शेजारचं ६६-डी हे मोबाईल वा संगणकाच्या मदतीने तोतयेगिरी करून फसवण्याबद्दल आहे, शिक्षा तेवढीच. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१९ तोतयेगिरीची जुनी फसवणूक हाताळतं. तिथं जुन्या दंड संहितेत तीन वर्षं होती ती आता पाच झाली. आधार कायद्यात दुसऱ्याच्या नावाने तोतयेगिरी करणाऱ्याला तीन वर्षं आहेत. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात फसवणूक किंवा तोतयेगिरी करून सिमकार्ड मिळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड आहे.

म्हणजे कलमं नाहीत अशी स्थिती नाही. अडचण दुसरीकडे आहे. ६६-सी वाचताना ‘पासवर्ड’ लगेच समजतो. पण कुणी तुमचा पासवर्ड चोरलाच नाही, नुसतं तुमचं नाव आणि फोटो लावून नवं खातं काढलं, तर फोटो ही ‘एकमेव ओळख पटवणारी खूण’ आहे का? इथं वकिलांचा वाद सुरू होतो. ६६-डी लावायचं तर कुणाची तरी ‘फसवणूक’ दाखवावी लागते. चिथावणीच्या पोस्टमध्ये पैसा कुणाचा गेलेला नसतो, मग फसवलं कुणाला, हा प्रश्न आरोपीचा वकील विचारणारच.

सुल्ली डील्स आणि बुल्ली बाई ही प्रकरणं आठवा. जुलै २०२१ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०२२ च्या पहिल्याच दिवशी मुस्लिम महिलांचे फोटो उचलून त्यांचा ‘लिलाव’ मांडण्यात आला. पत्रकार, वकील, कार्यकर्त्या, ज्या बोलत होत्या त्याच निवडून काढल्या होत्या. दुसऱ्या प्रकरणात मुंबई पोलिसांच्या सायबर विभागाने झपाट्याने अटका केल्या, ते श्रेय द्यायलाच हवं. त्या तपासात आणखी एक गोष्ट बाहेर आली. ही घाण पसरवणाऱ्या काही ट्विटर खात्यांना शीख वाटतील अशी नावं दिली होती. एका समाजाच्या लेकींचे चेहरे चोरायचे, दुसऱ्या समाजाचं नाव चोरायचं आणि दोघांना झुंजवायचं. ओळखचोरीचं याहून उघड उदाहरण शोधून सापडणार नाही. तरी कायद्याचा भर पाठलाग, स्त्रीच्या विनयाचा अपमान, दोन गटांत तेढ या कलमांवरच राहिला.

आता आम्हाला सगळ्यात जास्त खुपणारी गोष्ट. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ७७-बी सांगतं की तीन वर्षांची शिक्षा असलेला गुन्हा जामीनपात्र. म्हणजे ६६-सी चा आरोपी हक्काने जामीन मागू शकतो. उलट त्या खोट्या खात्यावरून टाकलेल्या मजकुराबद्दल ज्याच्या नावावर गुन्हा दाखल होतो, त्याला न्याय संहितेचं १९६ किंवा २९९ लागतं, गटांत तेढ किंवा धार्मिक भावना दुखावणं. शिक्षा तिथंही तीन वर्षांपर्यंतच, पण दोन्ही अजामीनपात्र. हिशेब सरळ मांडला तर नाव चोरणारा ठाण्यातून घरी आणि ज्याचं नाव चोरलं तो कोठडीत! हा फरक कुणी मुद्दाम केलाय असं आम्ही म्हणत नाही. वेगवेगळ्या काळात वेगवेगळे कायदे झाले, त्यांची सांगड कुणी घातली नाही, एवढंच.

मग विधानसभेने हे बदलावं का? इथं थोडं राज्यघटनेत शिरावं लागतं. फौजदारी कायदा समवर्ती सूचीत आहे, म्हणजे संसद आणि विधिमंडळ दोघांनाही अधिकार. मात्र त्याच नोंदीत एक अपवाद लिहिलाय. केंद्र सूचीतल्या विषयांवरच्या कायद्यांखालचे गुन्हे यातून वगळले आहेत. टेलिफोन आणि दळणवळण केंद्राकडे, त्यामुळे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-सी ला मुंबईत बसून हात लावणं अवघड. न्याय संहितेत महाराष्ट्रापुरती दुरुस्ती करता येते, पण ती केंद्राच्या कायद्याशी विसंगत असेल तर अनुच्छेद २५४ प्रमाणे राष्ट्रपतींची मंजुरी लागते. मकोकाला ती मिळाली होती. शक्ती विधेयकाचं काय झालं ते सर्वांसमोर आहे.

शक्ती विधेयक डिसेंबर २०२० मध्ये मांडलं गेलं, संयुक्त समितीकडे गेलं आणि डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं. त्यात समाजमाध्यमांवरून महिलांची बदनामी, छळ यासाठी नवं कलम होतं आणि पोलिसांनी मागितलेली माहिती वेळेत न देणाऱ्या कंपन्यांना शिक्षा होती. ही दुसरी तरतूद खरी कामाची, कारण खातं कुणी उघडलं हे कंपनीने सांगितल्याशिवाय तपास इंचभर सरकत नाही. राष्ट्रपतींच्या मंजुरीची वाट पाहता पाहता १ जुलै २०२४ उजाडला आणि ज्या दंड संहितेत शक्ती दुरुस्ती करू पाहत होतं ती संहिताच रद्द झाली.

आणखी एक सावधगिरी. नुसता कडक कायदा मागणं आपल्याला महागात पडू शकतं. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना एका साध्या फेसबुक पोस्टवरून अटक झाली होती, तेव्हा वापरलेल्या कलमांत ६६-ए होतं. शब्द मोघम, त्यामुळे कुणालाही लावता येई. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवलं. उद्या ‘बनावट ओळख’ असा मोघम गुन्हा आला तर टोपणनावाने सरकारवर टीका करणारा पोरगाही त्यात अडकेल. म्हणून व्याख्या नेमकी हवी. जिवंत, खऱ्या माणसाचं नाव किंवा चेहरा, त्याच्या संमतीशिवाय, त्याला अडकवण्याच्या किंवा तेढ पसरवण्याच्या हेतूने वापरणं. विडंबन आणि टोपणनाव त्याच्या बाहेर.

दिल्लीला न विचारता राज्य करू शकेल अशाही गोष्टी आहेत, कारण पोलीस हा राज्याचाच विषय. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तीन ते सात वर्षांच्या आतल्या गुन्ह्यांत उपअधीक्षकांच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करण्याची सोय आहे. २८ मार्च २०२५ रोजी, महाराष्ट्रातून राज्यसभेवर गेलेले इम्रान प्रतापगढी यांच्या कवितेवरचा गुजरातमधला गुन्हा रद्द करताना, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बोलण्या-लिहिण्याबद्दलच्या अशा गुन्ह्यांत ही चौकशी आधी करणं उचितच. गृह खात्याने एक परिपत्रक काढून प्रत्येक ठाण्याला सांगावं की वादग्रस्त पोस्टच्या प्रकरणात खातं खरंच त्या माणसाचं आहे का, हे या चौदा दिवसांत तपासा, मग अटकेचं बघा. त्याला विधेयक लागत नाही.

दुसरी वाट फार कमी लोकांना माहीत आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली प्रत्येक राज्याचा आयटी सचिव हा न्यायनिर्णय अधिकारी असतो. संगणकातून झालेल्या नुकसानीबद्दल पाच कोटींपर्यंतचे दावे त्याच्यासमोर चालतात. खातं किंवा फोन हॅक होऊन नुकसान झालं असेल तर हे दार ठोठावता येतं. आमदारांनी अधिवेशनात विचारायचं झालं तर इथं किती अर्ज आले, किती निकाली निघाले हे विचारावं.

तोवर घरात काय करावं? आपल्या नावावर खोटं खातं दिसलं की ते लगेच बंद पाडायची घाई नको. आधी त्या खात्याची पूर्ण लिंक, तारीख, वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या. ज्या फोनवर घेतले तो फोन जपा, कारण इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार, पैसे गेले असतील तर १९३० वर ताबडतोब फोन, आणि जवळच्या ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोच. त्यानंतर कंपनीकडे तक्रार. तोतयेगिरीचा मजकूर तक्रार आल्यापासून ठरावीक मुदतीत हटवण्याचं बंधन २०२१ च्या नियमांनीच कंपन्यांवर घातलं आहे. अर्जात तुमचं म्हणणं सोपं ठेवा: हे खातं माझं नाही, मला ते अमुक वाजता कळलं, मी अमुक वाजता तक्रार केली. वाद पेटण्याआधी दिलेला असा अर्ज नंतर जामिनाच्या वेळी वकिलाच्या हातातला सर्वात उपयोगी कागद असतो.

संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिमकार्डं चालू आहेत ते दिसतं. आपल्या भागातल्या मशिदीत जुम्यानंतर पाच मिनिटं काढून तरुणांनी वडीलधाऱ्यांना हे दाखवून दिलं तर चांगलं होईल. आधारचे बोटांचे ठसे लॉक करायची सोय आहे, गरज लागेल तेव्हा ते परत उघडता येतात. झेरॉक्सच्या दुकानात आधारची प्रत सोडून येऊ नका. शक्य तिथे पहिले आठ अंक झाकलेलं आधार द्या.

महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक जुलै २०२५ मध्ये मंजूर होण्याआधी संयुक्त समितीकडे गेलं होतं, तेव्हा हजारो लोकांनी लेखी सूचना पाठवल्या आणि मसुद्यात काही बदलही झाले. ओळखचोरीवर विधेयक येईल तेव्हा अशी समिती नेमली गेली तर सूचना पाठवण्याची मुदत ठरावीक दिवसांचीच असते. जमातीतल्या वकिलांनी जामिनाचा आणि व्याख्येचा मुद्दा आत्ताच एका पानावर मांडून आपापल्या आमदाराकडे देऊन ठेवावा.