डिस्कचा मालक कोण?

एकाच यंत्रावर अनेक सर्व्हर चालवायचे आणि त्यांतलाच एक फाइल सर्व्हर ठेवायचा, ही कल्पना सामान्य वापरकर्त्याच्या आवाक्यात आली त्याला आता दीड दशक उलटले. व्हीएमवेअरने 2009 मध्ये व्हीस्फीअर 4 सोबत ‘व्हीएमडायरेक्टपाथ’ दिले आणि मदरबोर्डवरचे एखादे कार्ड थेट एका व्हर्च्युअल मशीनच्या ताब्यात देता येऊ लागले. लिनक्समध्ये 2012 साली, कर्नल 3.6 मध्ये, ‘व्हीएफआयओ’ने हेच काम शिस्तीत बसवले. सन कंपनीची झेडएफएस ही फाइल प्रणाली त्याआधीच, 2005 मध्ये, खुली झाली होती. ती प्रत्येक ब्लॉकचा चेकसम पडताळते आणि डिस्क मध्यस्थाशिवाय दिसल्या, की ती अधिक भरवशाने काम करते. म्हणून डिस्क ज्याला जोडलेल्या असतात तो स्टोरेज कंट्रोलर फाइल सर्व्हरच्या मशीनला अख्खाच सोपवण्याची पद्धत रुळली. या काळातल्या बिघाडांकडे पाहिले, की एक गोष्ट ठळकपणे समोर येते: दोष बहुतेक वेळा व्हर्च्युअलायझेशनचा नसतो, फाइल प्रणालीचाही नसतो, कंट्रोलरची मालकी अर्धवट सोडलेली असते.

पहिला पुरावा हार्डवेअरचा. कार्डाने मेमरीत परस्पर लिहायचे, तर ते नेमून दिलेल्या हद्दीतच लिहील याची खात्री आयओएमएमयू देते. इंटेलच्या 2011 मधल्या कोअर आय7-2600के या नावाजलेल्या प्रोसेसरमध्ये त्यासाठी लागणारे व्हीटी-डी नव्हतेच. जिथे ते होते, तिथेही अनेक मदरबोर्डवर ते बायोसमध्ये बंद असे. ते चालू केले तरी कंट्रोलर दुसऱ्या उपकरणासोबत एकाच आयओएमएमयू गटात, म्हणजे एकत्रच सोपवता येणाऱ्या उपकरणांत, अडकलेला निघे. कर्नलला पॅच लावून हे गट कागदोपत्री वेगळे करता येतात. प्रत्यक्षातली हद्द त्याने आखली जात नाही. यजमान यंत्राचा ड्रायव्हर बूट होतानाच कार्ड बळकावून बसतो, हा तर नेहमीचा अनुभव. यजमानाची स्वतःची बूट डिस्क त्याच कंट्रोलरला जोडलेली असेल, तर तो कंट्रोलर सोपवताच येत नाही. एकाच सातबाऱ्यावर दोघांनी पूर्ण हक्क सांगावा, तसा हा पेच.

दुसरा पुरावा कार्डाच्या आतला. एलएसआयच्या एसएएस2008 चिपवरची आयबीएम एम1015 आणि डेल एच200 ही कार्डे स्वस्तात मिळत, पण मूळ रेड फर्मवेअर काढून त्यांत डिस्क जशाच्या तशा पुढे देणारे आयटी मोडचे फर्मवेअर भरावे लागे. ते नसले, की डिस्क आणि फाइल सर्व्हर यांच्यामध्ये कार्ड लुडबूड करी. फर्मवेअर आणि ड्रायव्हरची आवृत्ती जुळली नाही, की त्रुटी उमटत. फ्रीबीएसडीवरच्या फ्रीनॅस या फाइल सर्व्हर प्रणालीत इंटरप्टची पद्धत बदलेपर्यंत कार्ड अडून बसल्याची उदाहरणेही होती. वर दिसणारे लक्षण मात्र दरवेळी तेच: पूल, म्हणजे झेडएफएसने एकत्र बांधलेल्या डिस्क, गायब. त्यामुळे संशय झेडएफएसवर जाई आणि शोध चुकीच्या टोकापासून सुरू होई.

यावर एक आक्षेप रास्त आहे. कार्ड सोपवले की चालू मशीन दुसऱ्या यंत्रावर हलवता येत नाही, हायपरव्हायजरचा (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रणालीचा) स्नॅपशॉट हातचा जातो आणि कार्ड मेमरीत थेट लिहीत असल्यामुळे त्या मशीनची सगळी मेमरी आधीच राखून ठेवावी लागते. मग साधी व्हर्च्युअल डिस्क काय वाईट? छोट्या, दुय्यम कामांना ती पुरेशी आहे. पण वर्षानुवर्षांचे दस्तऐवज आणि फोटो जिथे ठेवायचे, तिथे खराब होत चाललेल्या डिस्कची खबर फाइल सर्व्हरला थेट मिळायला हवी; व्हर्च्युअल डिस्कच्या पडद्याआड डिस्कच्या प्रकृतीचे (स्मार्ट) आकडे पोहोचत नाहीत. स्नॅपशॉटची उणीव झेडएफएस स्वतः भरून काढते. फाइल सर्व्हरसाठी वेगळे यंत्रच घ्यावे, हा सल्लाही चुकीचा नाही. पण तोही शेवटी हेच सांगतो, की डिस्कला एकच मालक असावा.

या मताचा कस नंतर लागला. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर 2023 मध्ये व्हीएमवेअर घेतली, 2024 च्या सुरुवातीला तिचे मोफत ईएसएक्सआय हे हायपरव्हायजर बंद केले (2025 मध्ये ते परत आले) आणि अनेकांनी प्रॉक्समॉक्स या दुसऱ्या हायपरव्हायजरची वाट धरली. व्हर्च्युअल डिस्कमध्ये ठेवलेला डेटा त्यांना रूपांतरित करून न्यावा लागला. कंट्रोलर पूर्ण सोपवलेल्यांनी मात्र तेच कार्ड नव्या हायपरव्हायजरखालच्या मशीनला दिले आणि पूल इम्पोर्ट केला. म्हणून पूल दिसेनासा झाला, तर दुरुस्तीच्या आज्ञा देण्याआधी खालून वर तपासत यावे: आयओएमएमयू, गट, यजमानाचा ड्रायव्हर, फर्मवेअर आणि सर्वांत शेवटी फाइल प्रणाली. हा क्रम पाळणाऱ्याच्या हातून धडधाकट पूल घाईत मोडला जात नाही.