खोटी वर्दी आणि गप्प हूटर

धूर झाला की वाजणारा फायर अलार्म आणि शटरला धक्का लागला की वाजणारा चोर अलार्म ही दिसायला भावंडे. कायदा मात्र दोघांकडे वेगवेगळ्या नजरेने पाहतो. फायर अलार्म बसवायचा कुठे, सांभाळायचा कोणी, तपासायचा कधी, हे सगळे राज्याच्या कायद्यात लिहिलेले आहे आणि त्याची अंमलबजावणी महापालिकेच्या अग्निशमन दलाकडे आहे. चोर अलार्मला असा कोणी वाली नाही.  ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही शहरांत जाहिरातीच्या फलकालाही परवाना लागतो, पण चोर अलार्म कोणीही विकत आणावा, कोणीही बसवावा. तो विनाकारण वाजत राहिला तर जाब कोणी विचारायचा, याचे उत्तर कुठल्याही एका नियमात सापडत नाही.

फायर अलार्मचा पाया म्हणजे महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६. तो डिसेंबर २००८ पासून लागू झाला. इमारतीतील आगीची यंत्रणा चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी या कायद्याने मालकावर किंवा भोगवटादारावर टाकली आहे. सोसायटीच्या बाबतीत ती पदाधिकाऱ्यांच्या गळ्यात पडते. यंत्रणा बसवली की शासनाचा परवाना असलेल्या एजन्सीकडून ‘नमुना अ’ घ्यायचा. त्यानंतर दर जानेवारीत आणि दर जुलैत, यंत्रणा सुस्थितीत असल्याचा ‘नमुना ब’ अग्निशमन दलाकडे द्यायचा. सोसायट्यांच्या बोलण्यात हा ‘फॉर्म बी’. तो दिला नाही तर नोटीस येते. त्यानंतरही हालचाल नसेल तर वीज आणि पाणी तोडण्यापर्यंत दलाचे अधिकार जातात, आणि कायद्याचा भंग सिद्ध झाल्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि वीस ते पन्नास हजार रुपये दंड अशी तरतूद आहे. नव्या बांधकामांना याशिवाय डिसेंबर २०२० पासूनची एकीकृत विकास नियंत्रण नियमावली आणि २०१६ ची राष्ट्रीय बांधकाम संहिता लागते. या संहितेच्या लेखी पंधरा मीटर किंवा त्याहून उंच इमारत ही उंच इमारत ठरते. म्हणजे घोडबंदर रोडचे मनोरेच नव्हेत, तर डोंबिवली पूर्वेच्या साध्या सात मजल्यांनाही उंच इमारतीचे नियम आले.

हा कागदावरचा भाग झाला. या कायद्याला धार आली ती दुर्घटनांमुळे. २०२१ च्या पहिल्या चार महिन्यांत राज्यात रुग्णालयांना ओळीने आगी लागल्या. ९ जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा नवजात बालके दगावली, २३ एप्रिलला विरारमध्ये अतिदक्षता विभाग पेटला, आणि २८ एप्रिलच्या पहाटे ठाणे महापालिकेच्या हद्दीतील मुंब्र्यात एका खासगी रुग्णालयातील आगीनंतर चार रुग्णांचा मृत्यू झाला. त्यानंतर रुग्णालयांच्या आग-तपासणीला वेग आला आणि अलार्म आहे का, हा प्रश्न गांभीर्याने विचारला जाऊ लागला. आहे तो खरे बोलतो का, हा पुढचा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही.

डिटेक्टर खोटे का बोलतो, हे त्याची रचना पाहिली की कळते. छताला चिकटलेल्या त्या पांढऱ्या वाटीत एक छोटी अंधारी पोकळी असते. तिच्यात प्रकाशाचा झोत एका बाजूला जातो आणि प्रकाश टिपणारा घटक दुसऱ्या बाजूला, झोताच्या वाटेबाहेर बसवलेला असतो. धुराचे कण आत शिरले की प्रकाश विखुरतो, तो त्या घटकावर पडतो आणि पॅनेलला संदेश जातो. आता कण धुराचा की आणखी कशाचा, हे या वाटीला कळत नाही. फ्लॅटमध्ये फरशी कापायचे काम चालू असेल तर सिमेंटची धूळ, गणपतीच्या आरतीचा धूप, पावसाळ्यातली दाट ओल, आत घर केलेले झुरळ किंवा कोळी, सगळे तिला सारखेच. या यादीत एक गमतीची भर खुद्द महापालिका घालते. डेंग्यू-मलेरियाच्या हंगामात आरोग्य विभागाचा माणूस खांद्यावर यंत्र घेऊन आवारात धूर फवारणीला येतो. तो पांढरा लोट तळघरातल्या पार्किंगमध्ये किंवा लिफ्टच्या लॉबीत शिरला की अलार्म कोकलू लागतो. एका खात्याने केलेला धूर, दुसऱ्या खात्याने सक्तीची केलेली घंटा.

पुढे काय होते ते वॉचमनच्या केबिनमध्ये पाहावे. भिंतीवर लाल पेटी असते. तिच्यावर लाल दिवा ‘फायर’चा आणि पिवळा ‘फॉल्ट’चा. खाली आवाज बंद करण्याचे आणि पॅनेल पूर्ववत करण्याचे बटण असते. पहिल्यांदा हूटर वाजतो तेव्हा लोक जिन्याने धावत खाली येतात. दुसऱ्यांदा गॅलरीतून डोकावतात. तिसऱ्यांदा कोणीतरी इंटरकॉमवरून ओरडते, ‘अरे, बंद कर ते आधी!’ वॉचमन बिचारा आवाजाचे बटण दाबतो. चौथ्या वेळेला इलेक्ट्रिशियन येतो आणि हूटरची वायरच काढून ठेवतो. पिवळा दिवा मग महिनोन्‌महिने मिणमिणत राहतो आणि सगळ्यांना तो पेटीचा मूळ रंगच वाटू लागतो. रंगकामाच्या वेळी डिटेक्टरवर चढवलेली प्लास्टिकची टोपणे काम संपल्यावरही तशीच राहणे, पॅनेलमधली बॅटरी मरणे आणि वीज गेली की सारेच थंड होणे, हे याचेच भाऊबंद. फॉर्म बी वर सही करणाऱ्या एजन्सीने हे पाहायला हवे. प्रत्येक मजल्यावर जाऊन डिटेक्टरला कृत्रिम धूर देणारी एजन्सी चांगली. खालूनच पॅनेल पाहून, पैसे घेऊन प्रमाणपत्र देणारी एजन्सी ही या व्यवस्थेतली सर्वात कच्ची कडी आहे.

अग्निशमन दलाच्या भाषेत आगीची खबर म्हणजे ‘वर्दी’. बहुतेक इमारतींचे अलार्म दलाशी थेट जोडलेले नसतात. हूटर इमारतीतच वाजतो आणि वर्दी द्यायची तर माणसालाच १०१ फिरवावा लागतो. त्यामुळे यंत्राची खोटी हाक सहसा बंबापर्यंत पोहोचत नाही, आणि म्हणूनच तिची मोजदादही होत नाही. पोहोचते ती माणसाने दिलेली खोटी वर्दी. ठाण्याच्या जवाहरबाग केंद्रातले किंवा कल्याणच्या आधारवाडी केंद्रातले जवान आगीखेरीज पडलेली झाडे, रस्त्यावर सांडलेले तेल, मांज्यात अडकलेले पक्षी अशा कामांनाही धावत असतात. अशा वेळी एक गाडी कोणाच्या गमतीपायी बाहेर पडली तर ती दुसरीकडे नसते. डोंबिवली एमआयडीसीसारखा शेजार असताना ही चैन परवडणारी नाही. तिथे २६ मे २०१६ रोजी आणि पुन्हा २३ मे २०२४ रोजी रासायनिक कारखान्यांत भीषण स्फोट झाले.

जाणूनबुजून खोटी माहिती देऊन सरकारी यंत्रणेला कामाला लावणे हा गुन्हाच आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २१७ खाली त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. जुन्या दंड संहितेत हेच कलम १८२ होते आणि शिक्षा सहा महिन्यांची होती. पण ‘जाणूनबुजून’ हा शब्द इथे महत्त्वाचा. झुरळ शिरलेल्या डिटेक्टरला हेतू नसतो. हे कलम खोटारड्या माणसाला पकडते, नादुरुस्त यंत्राच्या मालकाला नाही.

चोर अलार्मचा बाज निराळा. नौपाड्यातील गोखले रोड, जांभळी नाका, कल्याणचा शिवाजी चौक, डोंबिवलीचा फडके रोड या पेठांत सराफी दुकानांपासून मोबाइलच्या दुकानांपर्यंत शटरला सेन्सर, आत हालचाल टिपणारा डोळा आणि बाहेर भोंगा असा साधा संच असतो. त्याला सिमकार्ड जोडलेले असेल तर मालकाच्या मोबाइलवर फोन जातो. उंदीर, वाऱ्याने हलणारे शटर, पंख्याखाली फडफडणारे कॅलेंडर अशा कारणांनी तो रात्री-बेरात्री बोंबलतो. मालक दूर राहत असेल तर तासभर ऐकावे लागते ते वरच्या मजल्यावरच्या रहिवाशांना. पोलीस येतात ते कोणी ११२ ला कळवले तर. आले तरी किल्ली त्यांच्याकडे नसते. ते शटर तपासतात, पाटीवरचा नंबर फिरवतात आणि निघून जातात.

रहिवाशांच्या हाती उरतात ते ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम. त्यानुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. अलार्मचा भोंगा ती पहिल्याच क्षणी ओलांडतो. पण हे नियम प्रामुख्याने तासन्‌तास चालणाऱ्या लाउडस्पीकरला डोळ्यांसमोर ठेवून केले आहेत. पोलीस डेसिबल मोजायचे यंत्र घेऊन येईपर्यंत भोंग्याची बॅटरी उतरलेली असते.

अलार्म बसवणाऱ्याचेही तसेच. खासगी सुरक्षा संस्थांना २००५ च्या केंद्रीय कायद्याने परवाना सक्तीचा केला, पण त्या कायद्याचा सारा रोख गणवेशातल्या रक्षकांवर आणि रोकड वाहणाऱ्या गाड्यांवर आहे. सेन्सर बसवून देणारा कारागीर त्यात कुठे ठळकपणे दिसत नाही.

परदेशांत हा प्रश्न वेगळ्या वाटेने सुटला, कारण तिथे अलार्म थेट पोलिसांच्या कामात येतो. अमेरिकेतील अनेक शहरांत अलार्मच्या वर्दींपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक खोट्या निघतात. लॉस एंजेलिसमध्ये अलार्मसाठी परवाना घ्यावा लागतो आणि खोट्या वर्दीला दंड बसतो. सॉल्ट लेक सिटीने २००० साली आणखी पुढे जाऊन नियम केला की आधी अलार्म कंपनीच्या माणसाने जागेवर जाऊन खात्री करायची, मगच पोलीस निघणार. ब्रिटनमध्ये यंत्रणेची पोलिसांकडे नोंदणी असते आणि वर्षभरात खोट्या हाका ठराविक संख्येपलीकडे गेल्या की तिला मिळणारा तातडीचा प्रतिसाद काढून घेतला जातो. आपल्याकडे खात्रीचे हे तत्त्व एका ठिकाणी गुपचूप आलेले आहे, ते म्हणजे एटीएममध्ये. रक्षक नसलेल्या अनेक केंद्रांवर दूरच्या नियंत्रण कक्षातला माणूस कॅमेऱ्यातून पाहतो, स्पीकरवरून दटावतो आणि मगच पोलीस ठाण्याला फोन लावतो.

यंत्र वाजणे जितके महत्त्वाचे, तितकेच ते कोणाच्या ताब्यात आहे हेही. जुलै २०२२ मध्ये डोंबिवलीच्या मानपाडा भागात एका खासगी बँकेच्या तिजोरीतून बारा कोटींहून अधिक रोकड गेली. पोलिसांच्या म्हणण्यानुसार रोकड सांभाळणारा कर्मचारीच त्यामागे होता आणि त्याने अलार्म आधीच निकामी करून ठेवला होता. 

महापालिकांना उपविधी करण्याचा अधिकार महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाने दिलेला आहे. त्याला शासनाची मंजुरी लागते. दुकानाबाहेर मालकाचा चालू मोबाइल नंबर असावा, भोंगा काही मिनिटांनी आपोआप थांबावा, इतक्या दोन अटींचा उपविधी केला तरी पेठेतल्या रहिवाशांची झोप वाचेल. मात्र डोंबिवलीत बनावट परवानग्यांवर उभ्या राहिलेल्या ज्या ६५ इमारतींचे प्रकरण उच्च न्यायालयात गेले, तशा बांधकामांपर्यंत फॉर्म बी सुद्धा पोहोचत नाही, मग भोंग्याचा नियम कुठून पोहोचणार?

सोसायटीच्या सभासदांनी तोपर्यंत एवढे करावे. जानेवारी आणि जुलैचा फॉर्म बी सेक्रेटरीकडे पाहायला मागावा. तपासणीच्या दिवशी एजन्सीच्या माणसाबरोबर किमान एका मजल्यावर जावे, नोटीस बोर्डावर वेळ लिहून हूटर पूर्ण वाजवून घ्यावा आणि परत येताना पॅनेलवर पिवळा दिवा पेटलेला नाही ना, ते पाहावे.