नदीचा वेग, निरोपाचा वेग

वाराणसीतील आजचा राजाघाट पूर्वी अमृतराव घाट म्हणून ओळखला जाई. रघुनाथरावांचे दत्तक पुत्र अमृतराव पेशवे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या या घाटाच्या पायऱ्या पावसाळ्यात पाण्याखाली जातात. गंगेच्या पातळीची अधिकृत नोंद मात्र केंद्रीय जल आयोग प्रवाहाच्या खालच्या अंगाला, राजघाटावर घेतो. नावसाधर्म्यामुळे दोहोंची गल्लत होते. तेथे इशारा पातळी ७०.२६२ मीटर आणि धोका पातळी ७१.२६२ मीटर आहे. गंगा चढली की वरुणेचे पाणी तुंबून उलटे फिरते व काठच्या शेतांत शिरते.

दोन पातळ्यांत अंतर एक मीटरचे. पाणी तासाला १० सेंटिमीटरने चढले, तर पंप काढण्यास, जनावरे हलविण्यास आणि तयार भाजी तोडण्यास दहा तास मिळतात. अशा ठिकाणी नोंद पाच मिनिटे उशिरा आल्याने फारसे बिघडत नाही; ती हरवली तर बिघडते. सांगलीच्या आयर्विन पुलावर ४० व ४५ फुटांच्या खुणांमध्येही हाच हिशेब लागू पडतो. म्हणून माहितीच्या प्रवाहासाठी मंच निवडताना केवळ वेगाच्या जाहिरातींवर भुलू नये.

शेतातील सेन्सरसाठी एमक्यूटीटी ही पद्धत सोयीची. ती १९९९ मध्ये तेलवाहिन्यांवर उपग्रहामार्फत देखरेख ठेवण्यासाठी तयार झाली; त्यामुळे दुबळ्या जोडणीवरही तिचे भागते. सेन्सरचा संपर्क अचानक तुटला, तर तशी सूचना इतरांना देण्याची सोय तिच्यात आहे. जुन्या नोंदींचा साठा ठेवणे मात्र तिचे काम नव्हे. त्यासाठी साधा डेटाबेस जोडावा लागतो.

लिंक्डइनमध्ये घडलेले आणि २०११ मध्ये सर्वांसाठी खुले झालेले काफ्का नोंदी ठरावीक मुदतीपर्यंत जपते. पूर अंदाज, पीक सल्ला आणि मोबाईल संदेश या तिन्ही यंत्रणा त्याच नोंदी आपापल्या गतीने, पुन्हा पुन्हा वाचू शकतात. नोंदींचा क्रम मात्र एका विभाजनापुरताच टिकतो. म्हणून प्रत्येक नोंदीला केंद्राचा संकेतांक किल्ली म्हणून द्यावा. जिल्हाभरच्या जाळ्याला हे शोभते. वीस सेन्सर असलेल्या शेतकरी उत्पादक कंपनीने काफ्का बसविणे म्हणजे टोपलीभर वांग्यांसाठी ट्रक मागविणे. शिवाय तो चालविणारा जाणकारही हवा.

खरी मेख वेळेच्या शिक्क्यात असते. मनोरा तीन तास बंद राहिला आणि साठलेल्या नोंदी मागाहून आल्या, तर पोहोचण्याची वेळ धरणाऱ्या यंत्रणेला जुनी, खालची पातळी ताजी वाटते. नदी चढत असताना पडद्यावर ती उतरलेली दिसते! मोजमापाची वेळ सेन्सरनेच नोंदवली पाहिजे. एकच नोंद दोनदा आली तर पातळीचे काही बिघडत नाही; पर्जन्यमापकाची बेरीज मात्र फुगते. त्यासाठी प्रत्येक नोंदीला स्वतंत्र क्रमांक हवा.

खरेदीपूर्वी विक्रेत्यासमोर एका सेन्सरचे सिमकार्ड तीन तास काढून ठेवावे, पुन्हा घालावे आणि त्या तीन तासांचा आलेख मागावा.